मोहाखालची हजेरी

९ जानेवारी

काल नागपूरहून परत. आजाराला नाव आहे. नार्कोलेप्सी.

नाव आहे म्हणजे आजार आहे. आळस नाही, माज नाही, भात जास्त झाला म्हणून नाही. बासष्टाव्या वर्षी कळलं. आता ओरडू कुणावर? निम्मे लोक मेले.

भाची रूपाली तिथे नर्स आहे, तिनेच ओढत नेलं. रात्रभर डोक्याला तारा. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी अंधाऱ्या खोलीत नेऊन म्हणायचे, "झोपा." असं पाच वेळा. पाचही वेळा तीन मिनिटांच्या आत झोपले. अशी परीक्षा शाळेत असती तर बोर्डात आले असते.

डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. विचारते, "हसताना, रागावताना गुडघ्यातला जीव जातो का?" म्हटलं, जातो, पण तो माझा स्वभाव आहे. विशेषतः कुणाला नेमका टोला हाणला की जातो. ती म्हणाली, तोही याच आजाराचा भाग. भान राहतं, अंग सुटतं.

म्हणजे देवाने जीभ दिली ती दिली, वर ती वापरली की पाडायची सोयही करून ठेवली.

येताना बसमध्ये वरोऱ्यानंतरचं काही आठवत नाही. चंद्रपूरला कंडक्टर: "म्याडम, उतरा ना. गाडी डेपोत चालली."

१० जानेवारी

सकाळी सातला पहिली गोळी. जागं राहण्याची. यापुढे स.गो. लिहीन.

डॉ.चे नियम स्वयंपाकघरात चिकटवले. रात्री साडेनऊला अंथरूण, पहाटे साडेपाचला बाहेर, सणवार असो नसो. दिवसा दोन डुलक्या, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं, गजर लावून. चारनंतर चहा नाही. दुपारी भात नाही.

शेवटचा नियम नागपूरच्या माणसालाच सुचेल. या धानाच्या मुलखात दुपारचा भात सोडणारा एक तर मरणाच्या दारी असतो किंवा साधू होतो.

शेजारची दुर्पता डोकावली. माझ्या ताटात भाकरी.

"काऊन बाई, तांदूळ सरले का? मी आणून देतो."

सांगितलं, झोपेचा आजार आहे.

"झोपेचा आजार?" पदर तोंडाला. "मंग आमच्या घरच्या माणसाले तर लग्नापासून हाय."

हसू आलं. पाय गेले. ओट्याला धरून उभी राहिले.

१३ जानेवारी

दुपारचे तीन पाहिले.

खरंच पाहिले. काचेच्या कौलातून उन्हाचा चौकोन पडतो, तो सरकत सरकत माठावर चढतो. दुर्पताची कोंबडी आत येऊन वाफा उकरते. म्हणजे माझी कोथिंबीर ती खात होती! रिटायर होऊन गावात आल्यापासून चार वर्षं मी बकरीला शिव्या देते आहे.

डोकं थोडं दुखतं. डॉ. म्हणाली होती, पाणी प्या. पिते.

१४ जानेवारी

राग उतरत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला बाकावर उभं करायच्या, झोपते म्हणून. मी उभ्यानेच झोपायची. मग म्हणायच्या, हट्टी मुलगी. नंतर स्वतः शिक्षिका झाले तर हेडमास्तर गोपनीय अहवालात लिहायचे, 'वर्गात झोपण्याची सवय.' सवय! जणू मी पान खात होते. तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि फाइलीत उरली ती सवय.

आई तेवढी म्हणायची, "पोरीले कोनाची तरी नजर लागली." निदान चुकीचं. पण तिने मला कधी आळशी म्हटलं नाही.

२२ जानेवारी

सायत्राबाईच्या अंगणात बायकांची बैठक. तिला आता लांबचं दिसत नाही. म्हणजे यंदा मोहाच्या मोसमात दुर्पताच्या गटाला 'उभी' नाही.

पाच जणी वाकून फुलं वेचतात. सहावी वाकत नाही. झाडाला पाठ लावून उभी राहते, डबा वाजवते, चारी दिशांना बघते. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, म्हणून. उभीला स्वतःला वेचता येत नाही, बाकीच्या आपापल्या टोपलीतून ओंजळ-ओंजळ देतात. त्यामुळे ते काम कुणालाच नको.

मला हवं आहे. गुडघे तसेही वाकत नाहीत, डोळे शाबूत, पेन्शन चालू. आणि आई शेवटची आठ वर्षं याच गटाची उभी होती. मी तेव्हा शाळेत डुलक्या घेत होते.

म्हटलं, मी राहते उभी.

सगळ्यांनी दुर्पताकडे पाहिलं. मग दुर्पता, "बाई, राग नका मानू. मागच्या साली काय झालं?"

मागच्या साली हौसेने त्यांच्याबरोबर गेले. झाडाच्या बुडाशी बसले, झोपले. त्यांना वाटलं मी मागून येते आहे, त्या पुढच्या झाडाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा माझ्यापासून तीस पावलांवर ओल्या मातीत वाघाचा माग. ताजा. मला काही पत्ता नाही.

"तवा तुमी एकल्याच होत्या. उभी झोपली तर आमी पाच जणी हावो."

बरोबर बोलली. म्हणूनच जास्त राग आला.

३ फेब्रुवारी

स.गो. एक कमी. दोनदा मोजल्या.

संध्याकाळी दुर्पता आपणहून आली. तिनेच नेली होती, नवऱ्यासाठी. भास्कर हरभऱ्याच्या राखणीला बांधावर जातो, रानडुकरं येतात. "जागाची गोळी हाय म्हणे, मंग जागलीलेच तर पायजे ना."

भास्कर रात्रभर टक्क जागा. सकाळी गोठ्याचा कूड नव्याने बांधला. दुपारी तीन घरी जाऊन गप्पा मारून आला. हा माणूस वर्षाला चार वाक्यं बोलतो! आणि दुसऱ्या रात्री बांधावर जो आडवा झाला तो ऊन अंगावर येईपर्यंत. डुकरांनी हरभऱ्याचा अर्धा पट्टा साफ केला.

मी फार बोलले. दुसऱ्याचं औषध असं देतात? त्याला बीपी आहे, काही झालं असतं तर? ती खाली मान घालून ऐकत होती. मग म्हणाली, "एक समजलं बाई. गोळी खरी हाय."

महिनाभर मी सांगून जे पटलं नाही ते भास्करच्या कुडाने पटवलं.

"रविवारी सरपणाले चला आमच्यासंग. डबा तुमच्याजवळ. पाहू."

८ फेब्रुवारी, रविवार

जंगलाच्या कडेलाच, रस्ता दिसतो तिथवर. दोन तास उभी. एकदाही डोळा लागला नाही. एकदाही!

पडले मात्र.

बेबी, गटातली सगळ्यात लहान, सदा खिदळणारी, मोळी बांधता बांधता म्हणते, "बाई, तुमी मले इंग्रजीत नापास केलं होतं, ध्यानात हाय का?"

म्हटलं, "मी नाही केलं. तुझ्या पेपरात इंग्रजी सापडेना, म्हणून मी शेवटी शाई तपासली. ती पास होती."

टोला बसला. सगळ्या हसल्या. माझे गुडघे गेले, मान गेली, जबडा गेला. पाचोळ्यात पडून सगळं ऐकत होते.

बेबी: "मेल्या का वं?"

दुर्पता: "नाई. सास चालू हाय."

छाया: "पाणी मारू का?"

दुर्पता: "राहू दे. जिभेची चावी सरली. भरते आपोआप."

हे ऐकून आतल्या आत आणखी हसू आलं. म्हणून आणखी दोन मिनिटं पाचोळ्यात.

उठले तेव्हा डबा दुर्पताच्या काखेत होता. घरापर्यंत तो तिच्याकडेच राहिला.

९ फेब्रुवारी

डॉ.ला फोन. दुसरी गोळी सुरू करायची, पडण्यावरची. प.गो. हळूहळू वाढवायची, मनाने बंद करायची नाही. रूपाली चिठ्ठी पाठवते आहे, उद्या चंद्रपूरहून आणायची.

विचारलं, हसणं बंद करू का?

"मुळीच नाही. सध्या बसून हसा."

टोमणेही बसून. ठीक. न्यायाधीशही बसूनच बोलतात.

१७ फेब्रुवारी

विलास येऊन गेला. वनरक्षक. माझा विद्यार्थी, आता कानशिलं पांढरी. मोहाखालचा पाचोळा जाळू नका, वणवा लागतो, हे घरोघर सांगत फिरतो आहे. चहा दिला. चारच्या आतला.

विचारलं, खरं सांग, मी वर्गात किती झोपायची?

"रोजच, म्याडम. पन आमी आवाज नाई करत होतो. जो बोलला त्याचं नाव मॉनिटर लिवून ठेवे."

तीस वर्षं मी समजत होते की माझ्या वर्गातली शांतता माझ्या धाकाने.

"अन् एक डाव तर फळ्यावर लिवता लिवताच. 'द काऊ इज अ' लिवलं अन् मंग नागमोडी रेघ, फळा सरेपर्यंत. डोळे बंद, हात चालूच. आमी ते रेघ वहीत उतरवली."

"गाढवांनो!"

"तुमी तपासून बरोबरची खूण बी केली, म्याडम."

खुर्चीत होते म्हणून बरं. हसता हसता मान छातीवर. पाच सेकंदांत परत वर. पूर्वी दोन-तीन मिनिटं जायची. प.गो. काम करते आहे. तोंड कोरडं पडतं, पडू दे.

जाताना सांगून गेला, नाल्यापलीकडे वाघीण आहे, दोन पिल्लं. नीट उजाडल्याशिवाय कुणी जाऊ नका.

माझी झोप मुलांनी जपली. मला वाटत होतं, मीच त्यांना जपत होते.

५ मार्च

मोठी पड पंचवीस दिवसांत नाही. छोट्या तीन. त्यातली एक बेबीमुळे. ती आता रोज येऊन एक विनोद टाकून जाते, आणि मी पडते का बघते. तिचे विनोद इतके वाईट आहेत की ही परीक्षा होऊच शकत नाही.

डुलकी पहिली साडेदहाला, दुसरी दोनला. दोन वाजता बायका माझ्या दारावरून आवाज बारीक करून जातात. मी सांगितलेलं नाही. भास्करने तर परवा बैलाची घंटी हाताने धरून नेली म्हणे.

भात रविवारी खाते. चार घास. त्या दिवशी दुपारी तीन दिसत नाहीत. चालतं.

दुर्पता कुंपणावरून: "मोहा फुगाले लागला, बाई. मंग?"

"मंग काय?"

"मंग चला."

१८ मार्च

पहिला दिवस. सहाला निघालो, झाडाशी पोचलो तेव्हा लख्ख उजाडलेलं. खाली फुलांचा सडा, पिवळट, ओलसर, गोड वास असा की अंगावर बसतो. पाच जणी वाकल्या. मी आईच्या झाडाला पाठ लावून. डबा, काठी.

माझा नियम मीच काढला: डबा थांबू द्यायचा नाही. एका लयीत वाजवायचा. डबा थांबला की बाई झोपली, सगळ्यांनी उभं व्हायचं. दुर्पताला पटलं. "सायत्राबाई तर गोठीत लागली का वाजवाचंच भुले."

सातला स.गो., डब्याशेजारी ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्याने. अडीच तास. थांबला नाही.

पाच ओंजळी मोहफुलं मिळाली. वाळत घातली आहेत. जाता-येता बघते. किती हा पोरकटपणा.

२२ मार्च

आज

उद्या लिहीन.

२३ मार्च

लिहायलाच हवं.

काल बेबीच्या टोपलीवर झाडाची सावली होती. मी बघत होते, डबा वाजत होता. मग सावली टोपलीवर नव्हती, हातभर लांब होती, आणि टोपली भरलेली. मधलं काही नाही. डबा? वाजत होता. हातात काठी, हात चालू, लय तीच.

'द काऊ इज अ' आणि मग रेघ.

परत येताना छाया म्हणाली, "आज बाईचा डबा काय तालात होता!" सगळ्या हो म्हणाल्या. कुणालाच कळलं नाही. बेबी सगळ्यात लांब, नाल्याच्या बाजूला वेचत होती. तिची पोर अंगणवाडीत जाते.

कुणाला सांगितलं नाही तर कुणाला कळणार नाही. हे मी काल दिवसभर स्वतःला सांगितलं. आयुष्यभर मला लोक खोटी ठरवत आले, की ही ढोंग करते, हिला झोप येत नाही, हिला काम नको. काल पहिल्यांदा खरोखरच खोटी ठरणं माझ्या हातात होतं.

शेवटी काल संध्याकाळीच दुर्पताकडे गेले. ती फुलं वाळत घालत होती. उभ्या उभ्या सांगितलं. फळ्यावरच्या रेघेसकट.

ती फुलं पसरत राहिली. मग विचारलं, "बेबी कुठी होती?"

"नाल्याच्या बाजूला."

घरात गेली. दार लावून घेतलं नाही, पण बाहेरही आली नाही.

२५ मार्च

तीन दिवस गट गेला नाही. उभी नाही म्हणून. फुलं पडून चितळांनी खाल्ली असतील. गावात कुणी मला काही बोललं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं.

डॉ.ला फोन. सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाली, असं होतं, झोपेत हात काम करत राहतात. गोळी कधी घेता?

"सातला. तुम्हीच सांगितलं होतं."

"पण तुम्ही सहाला बाहेर पडता! गोळीला चढायला वेळ लागतो. सातला मुहूर्त नाही काढलेला. पाचला घ्या."

कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी. घंटा सातची म्हणजे सातची. स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं.

पुढे म्हणाली, आणि एकटीच्या भरवशावर पाच जणी ठेवू नका. तुम्ही जागरूक असाल, पण तुमच्यावरही कुणाचं तरी लक्ष असलं पाहिजे.

हे ऐकायला आवडलं नाही. बरोबर आहे. आवडलं नाही.

२६ मार्च

पहाटे साडेपाचला उठल्याबरोबर सुचलं. डबा नको. हजेरी.

झोपेत हात रेघ ओढतो, झोपेत डबा वाजतो. पण झोपेत पाच नावं क्रमाने घेऊन पाचांची उत्तरं पाच दिशांनी कुणी जुळवत नाही. निदान मी तरी नाही. तीस वर्षांत वर्गात कितीही झोपले तरी हजेरी घेताना कधी झोपल्याचं आठवत नाही. विलासला फोन करून खात्री केली. "हजेरीत? नाई म्याडम. तवा तर तुमी वाघीण होत्या." ही उपमा आत्ता नको होती.

नाव घ्यायचं, तिने ओ द्यायची. ओ आली नाही तर सगळ्यांनी सरळ उभं राहायचं. माझं नाव घेणं थांबलं किंवा चुकलं, तरी उभं राहायचं.

कागदावर लिहून दुर्पताकडे ठेवून आले. ती शेतात होती. भास्करला सांगितलं, दे तिला. त्याने मान हलवली. त्याचं या तिमाहीतलं वाक्य बहुतेक झालेलं आहे.

२७ मार्च

साडेदहाची डुलकी झाली, दोनची झाली. दुर्पता आली नाही. तीन वाजले. चौकोन माठावर चढला, उतरला.

पाचला आली. हातात माझा कागद. दुर्पता, बेबी, छाया, कुसुम, यशोदा.

"बाई, ह्याच्यात तुमचं नाव काऊन नाई?"

"मी हजेरी घेणारी आहे."

"अन् तुमची कोन घेनार?"

तीस वर्षं रोज सकाळी चाळीस-पन्नास नावं घेतली. त्या वहीत माझं नाव कधी नव्हतंच.

"यशोदा झाली का मी आवाज देतो," दुर्पता म्हणाली. "बाई म्हनून नाई देनार. बाई तर सगळ्याच हावो. नाव घेऊन. ओ आली तर वेचाचं. नाई आली तर टोपल्या उचलाच्या, तुमाले उचलाचं, अन् घरी याचं. अन् मंग पुना कधी नाई."

"बेबी काय म्हणते?"

"ते म्हनते, मले पयल्या नंबरवर ठेवा. वर्गात तर कधी आली नाई."

मी खाली बसले, मग हसले. डॉ.ने सांगितलंय तसं.

"एक दिवस पाहू," दुर्पता उठली. "मंग पाहू."

बेबीचं नाव वर घेतलं. खाली सहावं लिहिलं. सुलोचना. माझंच नाव, पण त्या यादीत नव्या मुलीचं असल्यासारखं दिसतं.

सात वाजलेत. स.गो. आणि पाण्याचा तांब्या उशाशी. गजर पाचचा. उद्या नाल्याच्या बाजूला कुणी वेचायचं नाही, हे मी दुर्पताला सांगायचं राहून गेलं, म्हणून आत्ता कुंपणाशी गेले होते. ती म्हणाली, ते ठरलंच हाय. परत फिरले, दारात पोचले, तोच मागून:

"सुलोचना!"

दचकले. आई गेल्यापासून अशी कुणी हाक मारली नव्हती. ओ दिली.

"ऐकू नाई आली. जंगलात हावो आपन."

पुन्हा दिली.

"अजून."

तिसऱ्यांदा दिली तेव्हा तिच्या कोंबड्या खुराड्यात फडफडल्या आणि भास्कर बाहेर येऊन बघायला लागला. गुडघे थोडे सैल झाले, चौकटीला धरलं, सावरले.

"हं," दुर्पता म्हणाली. "सकाळी बी अशीच पायजे."